वनस्पतियुक्त मत्स्यालय : नितळ पाणी आणि निर्विष पाणी

‘मत्स्यालय’ या सामासिक शब्दाचा विग्रह ‘मत्स्यांचे आलय’ असा सरळ होतो, आणि या सरळपणातच एक गैरसमज दडलेला आहे. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासारखी सार्वजनिक वास्तू असो की दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील काचेची पेटी असो, शब्द उच्चारताच मन माशांकडे जाते. घर उभे करावे आणि त्यात रहिवासी आणून सोडावेत, इतकेच काय ते करावयाचे, अशी समजूत त्यामुळे होते. ज्या परभाषीय शब्दाच्या जागी हा शब्द आला त्याची घडण मात्र निराळी आहे. लॅटिन भाषेत ‘ॲक्वेरियम’ म्हणजे गुरांना पाणी पाजण्याची जागा. इंग्रज निसर्गाभ्यासक फिलिप हेन्री गॉस याने १८५४ साली याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा आधीपासून प्रचारात असलेला ‘ॲक्वा-व्हिव्हेरियम’ हा जोडशब्द अवजड म्हणून त्याने बाजूस सारला आणि जलवाचक विशेषणाचे नपुंसकलिंगी रूप तेवढे ठेवले. या रूपात मासा कोठेच नाही, पाणी आहे. वस्तुस्थितीस हे दुसरे नावच अधिक जवळचे आहे, कारण मत्स्यालय उभारणे म्हणजे मुख्यतः पाणी घडविणे होय.

नवशिक्याचा अनुभव बहुधा ठरीव असतो. पेटी आणली, तळाशी वाळू पसरली, चार वनस्पती खोवल्या, नळाचे पाणी भरले आणि दुसऱ्याच दिवशी दहा-बारा मासे सोडले. तीन-चार दिवस सारे उत्तम दिसते. नंतर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, अन्न घेत नाहीत, आणि पुढील दोन आठवड्यांत एकामागून एक मरतात. पाणी मात्र या सर्व काळात आरशासारखे नितळ असते. गोंधळलेला गृहस्थ सारे पाणी फेकून देतो, वाळू उकळत्या पाण्याने धुतो, गाळणीची स्पंजवडी नळाखाली पिळून काढतो आणि नवे मासे आणतो. पुन्हा तोच प्रकार घडतो. दोष माशांचा, विक्रेत्याचा की आपल्या हाताचा, याचा उलगडा न होता अखेर पेटी माळ्यावर जाते.

पाण्याच्या चांगुलपणासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. नितळ, निवळ, निर्मळ, स्वच्छ, शुद्ध हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांतील पहिले दोन डोळ्यांस दिसणाऱ्या गुणाचे वाचक आहेत, तर शेवटच्या शब्दात न दिसणाऱ्या गुणाचीही अपेक्षा आहे. खेड्यापाड्यांतून पूर्वी पावसाळ्यात निवळीची बी घड्याच्या आतील अंगास घासून पाणी निवळवीत असत. त्यायोगे तरंगणारे मातीचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. पाण्यात विरघळलेला अमोनिया मात्र निवळीने बसत नाही, गाळणीच्या कापसात अडकत नाही आणि डोळ्यांस दिसतही नाही. नव्या मत्स्यालयातील माशांचा मृत्यू याच अदृश्य पदार्थामुळे होतो.

हे ज्ञान तुलनेने अलीकडचे आहे. गोड्या पाण्याच्या वनस्पतियुक्त मत्स्यालयाची शास्त्रीय मांडणी प्रथम केली ती लंडनच्या औषधिविक्रेत्यांच्या मंडळाचा रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने. १८४९ साली त्याने एका काचपात्रात वाळू व माती घालून व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. मासे प्राणवायू घेतात व कर्बद्विप्राणिद सोडतात, वनस्पती प्रकाशात याच्या उलट करतात, तेव्हा दोघांचा मेळ बसला तर पाणी बदलावेच लागणार नाही, असा त्याचा तर्क होता. काही दिवस मेळ बसला. नंतर वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली व पाणी गढूळ झाले. तेव्हा वॉरिंग्टनने पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, त्यांची अंडी माशांच्या उपयोगी पडली आणि पाणी पूर्ववत झाले. १८५० साली त्याने हे निरीक्षण लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. वनस्पती, मासा आणि गोगलगाय या त्रयीवर आधारलेली ‘संतुलित मत्स्यालया’ची कल्पना येथून रूढ झाली व पुढे सुमारे शंभर वर्षे टिकली.

‘संतुलन’ या शब्दात तराजूचे चित्र आहे : दोन पारडी, एकात मासे, दुसऱ्यात वनस्पती, आणि काटा मध्यावर. रूपक सुबक आहे. परंतु सुबक रूपक विचारास किती काळ अडवून धरू शकते, याचेही हे उदाहरण आहे. १९४९ साली जेम्स ॲट्झ या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने या कल्पनेची परखड चिकित्सा केली. पेटीतील वायूंची देवघेव मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागावाटे हवेशी होत असते. शिवाय रात्री वनस्पतीही प्राणवायूच वापरतात. सारांश, वॉरिंग्टनच्या पात्रातील मासे जगले यात वनस्पतींनी पुरविलेल्या प्राणवायूचा वाटा समजला जात होता तेवढा नव्हता. त्याची कृती सफल झाली, उपपत्ती अपुरी राहिली. त्याच्या पात्रात वाळू होती, माती होती, आणि त्यांच्या कणाकणांवर जीवाणूंचे थर वाढत होते. त्यांची दखल घेण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

हे साधन १८७७ साली फ्रान्समध्ये उपलब्ध झाले, आणि तेही मत्स्यालयाशी संबंध नसलेल्या एका प्रयोगातून. श्लोएसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू व चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. जसा अमोनिया वरून जाई तसाच खालून बाहेर येई. त्यानंतर बाहेर येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले व अमोनिया नाहीसा झाला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली. निव्वळ रासायनिक विक्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती आणि क्लोरोफॉर्मने थांबली नसती. अर्थात् ही सजीवांची करणी होती. विनोग्राद्स्कीने १८९० च्या सुमारास ते जीवाणू वेगळे काढले. ज्यास नवे मत्स्यालय उभारावयाचे आहे त्याने या प्रयोगातील वीस दिवसांची रिकामी वाट तेवढी ध्यानात ठेवली, तरी पुढचे बहुतेक नियम त्यास स्वतःच रचता येतील.

त्या वाटेत घडते ते असे. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून आणि कुजणाऱ्या पानांतून अमोनिया निर्माण होतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. या दोन नावांत उच्चाराचा फरक एका स्वराचा आहे. १७८७ साली लव्हाझिए व त्याच्या सहकाऱ्यांनी रसायनांची नवी नामपद्धती रचली, तीत प्राणवायूचे प्रमाण कमी असलेल्या क्षारास ‘-आइट’ व अधिक असलेल्यास ‘-एट’ असे प्रत्यय लावले, त्याचा हा परिणाम. माशाच्या दृष्टीने मात्र या प्रत्ययभेदावर जीवनमरण अवलंबून आहे. नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरते आणि रक्तातील रंगद्रव्याची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट करते. रक्त तपकिरी होते, आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी असून वनस्पतींचे ते अन्नही आहे.

अमोनियाची विषारी शक्ती पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सियस तापमानास सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच मुक्त, म्हणजे विषारी, रूपात असतो. सामू ८ झाला की तो सुमारे पाच टक्के होतो. पाण्याचा हा एक अंक बदलला की विष दसपट होते. कूपनलिकेचे कठीण पाणी वापरणाऱ्याने म्हणून अधिक सावध असले पाहिजे. दुसऱ्या बाजूने, धरणाचे मृदू पाणी निर्धोक असते असेही नव्हे. जीवाणूंच्या या क्रियेत आम्ल निर्माण होत असल्याने मृदू पाण्याचा सामू काही महिन्यांत घसरत जातो, आणि तो फार घसरला म्हणजे जीवाणूंचेच काम मंदावते. अशा पेटीच्या गाळणीत मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवणे इष्ट होय.

या जीवाणूंविषयीची समजूतही अजून बदलत आहे. नायट्राइटचे काम ‘नायट्रोबॅक्टर’ करतो, असे पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ छापले गेले; १९९८ साली गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांच्याच तपासणीत असे आढळले की तेथे हे काम ‘नायट्रोस्पायरा’ गटातील जीवाणू करतात. २०१५ साली तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सारा प्रवास एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि त्यातील एक शोध मत्स्यसंवर्धनाच्या गाळणीतील थरावरून लागला. कोणत्याही नावाचे असले तरी हे जीवाणू मंदगतीने वाढतात. कुजविणारे अनेक जीवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात. यांस त्यासाठी अर्धा दिवस, एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. नव्या पेटीचे पाणी पहिल्या आठवड्यात दुधाळ होते ते पहिल्या प्रकारच्या जीवाणूंमुळे, आणि ते आपोआप ओसरते. म्हणजे ज्या दुधाळपणास घाबरून लोक पाणी फेकतात तो बहुधा निरुपद्रवी असतो, आणि त्यानंतर येणाऱ्या ज्या नितळपणास भुलून ते मासे सोडतात तो घातक असतो.

आता प्रत्यक्ष उभारणी. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशी पेटी घेतली तर तीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. केवळ पाण्याचेच वजन ५४ किलो होते. काच, वाळू व दगड मिळून ते पाऊणशे किलोच्या घरात जाते. मेज त्या तोलाचे हवे, सपाट हवे, आणि काचेखाली थर्माकोलचा पत्रा हवा. लहान पेटी सोपी, हा समज खोटा आहे. पाणी जितके थोडे तितके त्यातील बदल वेगवान. गोल काचेच्या भांड्याविषयी न बोललेलेच बरे.

तळाची रचना हा वनस्पतियुक्त मत्स्यालयाचा पाया होय. अमेरिकेतील डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साध्या बागेतल्या मातीचा पुरस्कार केला आहे : खाली सुमारे अडीच सेंटिमीटर माती, वर तितकाच वाळूचा किंवा बारीक खडीचा थर. वॉरिंग्टनच्या पात्रातील मातीस दीडशे वर्षांनी मिळालेली ही मान्यता होय. महाराष्ट्रात माती निवडताना मात्र विवेक हवा. काळी कापसाची माती पोषक असली तरी पाण्यात फुगते, आणि तिचे सूक्ष्म कण जरा हात लागताच वर येतात. नदीकाठचा पोयटा अधिक सोयीचा. शेणखत किंवा ताजे कंपोस्ट मिसळलेली कुंडीतील माती सर्वथा वर्ज्य, कारण तीतून आठवडेच्या आठवडे अमोनिया झिरपत राहतो. वाळूत चुन्याचे कण आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी तीवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत; फेस आला तर ती वाळू पाण्याचे काठिण्य वाढवील. नळाच्या पाण्यातील क्लोरीन बादलीत पाणी एक दिवस उघडे ठेवून हलवीत राहिल्यास उडून जातो. क्लोरॅमीन असेल तर तो तसा उडत नाही. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा जुना ‘हायपो’, क्लोरीनचा तत्काळ नाश करतो. बाजारात क्लोरीननाशक म्हणून मिळणाऱ्या द्रवांत बहुधा तोच असतो.

वनस्पती पहिल्याच दिवशी आणि दाट लावाव्यात. येथे काटकसर अंगाशी येते. वाढत्या वनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात, आणि अनेक जलवनस्पती नायट्रेटपेक्षा त्यासच अधिक पसंती देतात. म्हणून जीवाणूंची वाट पाहण्याच्या काळात त्याच संरक्षक ठरतात. वॉरिंग्टनच्या वनस्पतींची खरी उपकारकता या ठिकाणी होती. आरंभी व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या जाती हव्यात. क्रिप्टोकोरिन वंशातील वनस्पती सावकाश वाढतात. त्यांतील काही जाती पश्चिम किनाऱ्याच्या नद्यांत व ओढ्यांत आपोआप उगवतात. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ जलवनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढविलेल्या असतात. पाण्याखाली जाताच त्यांची जुनी पाने विरघळल्यासारखी गळतात आणि महिनाभरात पाण्यास योग्य अशी नवी, पातळ पाने येतात. रोप मेले असे समजून ते उपटू नये. सडकी पाने तेवढी खुडून टाकावीत, अन्यथा तीच अमोनियात भर घालतात. रानातून वनस्पती आणण्याचा मोह मात्र आवरावा. साताऱ्याच्या कास पठारावरील वायतुरा, म्हणजे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, हा जगात फक्त सह्याद्रीच्या या भागात आढळतो. पावसाळी डबक्यांतील त्याचे ऋतुचक्र काचेच्या पेटीत साधणे कठीण, आणि तो उपटण्याचे समर्थन करणे त्याहून कठीण.

प्रकाशाविषयी संयम हवा. आरंभी दिवसातून सहा तास दिवा पुरेसा होतो, पुढे आठ. खिडकीतील थेट ऊन टाळावे. प्रकाश वाढविला म्हणजे वनस्पती वाढतात, हे अर्धसत्य आहे. कर्बद्विप्राणिद पाण्यात हवेच्या तुलनेने सुमारे दहा हजारपट मंद गतीने पसरतो, आणि हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते. जपानच्या ताकाशी अमानो यांच्या शैलीतील भरगच्च जलोद्याने पाहून जो तसा तीव्र प्रकाश लावतो, पण त्यांच्याप्रमाणे नळकांड्यातून कर्बद्विप्राणिद सोडीत नाही, त्याच्या पेटीत उरलेल्या प्रकाशाचा लाभ शेवाळास होतो.

पेटी भरल्यावर चार ते सहा आठवडे ती माशांवाचून चालवावी. गाळणी रात्रंदिवस चालू ठेवावी, कारण जीवाणूंस प्राणवायूचा पुरवठा तिच्यातून होतो. त्यांस अन्न म्हणून चिमूटभर मत्स्यखाद्य रोज टाकले तरी चालते. जुन्या, निरोगी पेटीतील गाळणीचा स्पंज मिळाला तर हा काळ पुष्कळ कमी होतो. रसायनांची द्रवचाचणी घेत राहिले असता प्रथम अमोनिया चढतो, मग तो उतरू लागताच नायट्राइट चढते, शेवटी नायट्रेट. वनस्पती दाट असतील तर हे चढउतार अगदी सौम्य असतात. रोज खाद्य टाकूनही अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य राहू लागली म्हणजे पाणी घडले असे समजावे. त्यानंतर पाच-सहा लहान मासे सोडावेत, आणि पुढची भर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घालावी, म्हणजे वाढीव भारास जीवाणूंस पुरे पडता येते. घाईने मासे सोडलेच असतील तर खाणे जवळजवळ बंद करून रोज एकतृतीयांश पाणी बदलावे. नायट्राइट वाढलेले असल्यास दहा लिटरला सुमारे एक ग्रॅम साधे मीठ घातल्याने त्याचा कल्ल्यांतील शिरकाव बराच रोखला जातो.

सह्याद्रीतीलच एका देखण्या माशाचे नाव येथे अपरिहार्यपणे निघते. लाल-काळ्या पट्ट्यांचा ‘डेनिसन बार्ब’ केरळ व दक्षिण कर्नाटकातील प्रवाहांत राहतो. २०१३ साली त्याचा वंश वेगळा मानून त्यास ‘सह्याद्रिया’ असे नाव देण्यात आले. मत्स्यालयांच्या व्यापारासाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे तो संकटग्रस्त ठरला आहे. तो सुमारे पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो व थव्याने राहतो. ५४ लिटरच्या पेटीत तो ठेवणे हे त्याच्यावर दोनदा अन्याय करणे होय. भारतीय उपखंडातीलच झेब्रा मासा अशा पेटीस योग्य, आणि तो संवर्धनगृहांत विपुल पैदा होतो.

देखभालीबद्दल फार लिहावे असे नाही. आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. दोन मिनिटांत संपेल इतकेच अन्न द्यावे. गाळणीचा स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. नळाखाली धुतल्यास क्लोरीन जीवाणूंचा थर मारतो आणि पहिल्या महिन्याची दशा पुन्हा ओढवते. दगड, काच व वाळू एकाच दिवशी घासून काढणे म्हणजे तीच चूक अधिक जोमाने करणे. पाणगोगलगायी कोठून तरी येतातच. आजचे छंदी त्यांस उपद्रव मानतात, परंतु त्यांची संख्या बेसुमार वाढली तर दोष खाण्याच्या डब्याकडे पाहून ठरवावा.

खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांत लागते. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांस तो साडेसातवर येतो, आणि त्याच वेळी मासे, वनस्पती व जीवाणू या सर्वांचीच गरज वाढलेली असते. रात्री वनस्पती प्राणवायू वापरीत राहिल्याने पहाटेची वेळ सर्वांत कठीण. मासे पहाटे पृष्ठभागाशी आणि दुपारी नेहमीप्रमाणे खाली, असे दिसल्यास कारण प्राणवायूचे. दिवसभर तसेच दिसल्यास आधी अमोनिया व नायट्राइट तपासावे. वीज काही तास गेली तर गाळणीतील जीवाणू गुदमरू लागतात. अशा वेळी गाळणीतील स्पंज काढून पेटीच्या पाण्यात मोकळा ठेवावा, आणि मगाने पाणी उंचावरून पुन्हा पेटीतच ओतीत राहावे.

वनस्पती रुळल्या म्हणजे दर पंधरवड्यास छाटणीचा ढीग निघतो. तो नदीत, तळ्यात किंवा गटारात टाकू नये. उन्हात वाळवून कुंडीच्या खतात घालावा. मत्स्यालयांतून बाहेर पडलेला दक्षिण अमेरिकेतील खरबरीत कवचाचा मांगुराच्या गणातील मासा, जो काच साफ करणारा म्हणून विकला जातो, भारतातील अनेक जलाशयांत आता जाळ्यात सापडतो, आणि कोळ्यांची जाळी फाडतो. नको झालेला मासा विक्रेत्याकडे परत द्यावा किंवा दुसऱ्या छंद्यास द्यावा.